वस्तीच्या मूलभूत गरजा कितपत भागतात, हे कसे तपासावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या वस्तीत माणसांच्या मूलभूत गरजा कितपत भागतात, याची पाहणी करू इच्छिणारे कार्यकर्ते, विद्यार्थी आणि स्थानिक नियोजनात काम करणारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तराशी जोडलेला असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मूलभूत गरजा म्हणजे नेमक्या कोणत्या? यादी कुठे थांबवायची?

जी गोष्ट न मिळाल्यास माणसाच्या शरीराची, मनाची किंवा समाजात वावरण्याच्या क्षमतेची गंभीर हानी होते, ती मूलभूत गरज, ही कसोटी बहुतेक वेळा पुरते. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यातील २५ व्या कलमात अन्न, वस्त्र, निवारा, वैद्यकीय सेवा आणि आवश्यक सामाजिक सेवा यांचा उल्लेख आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७६ च्या जागतिक रोजगार परिषदेने पिण्याचे सुरक्षित पाणी, स्वच्छता, सार्वजनिक वाहतूक, आरोग्य आणि शिक्षण या सेवांची त्यात भर घातली, आणि आपल्या आयुष्याविषयीच्या निर्णयांत लोकांचा सहभाग हाही या विचाराचा भाग मानला. हा शेवटचा मुद्दा पाहणीत सर्वांत आधी गाळला जातो. तो गाळू नये असे आम्ही आग्रहाने सांगतो.

चिलीचे अर्थतज्ज्ञ मानफ्रेड मॅक्स-नीफ यांनी केलेला एक भेद यादी करताना फार उपयोगी पडतो. त्यांच्या मते माणसाच्या गरजा मोजक्या आणि सगळीकडे सारख्याच असतात, मात्र त्या भागवण्याची साधने काळानुसार आणि समाजानुसार बदलतात. नळ हे साधन आहे आणि पाणी ही गरज आहे. यादी गरजांची करावी; साधनांची यादी केली, तर पाहणी वस्तू मोजण्यातच संपते.

२. लोक जे मागतात तीच त्यांची गरज धरायची ना?

ती गरजेची एक बाजू झाली. ब्रिटिश अभ्यासक जोनाथन ब्रॅडशॉ यांनी १९७२ मध्ये गरजेचे चार प्रकार सांगितले: तज्ज्ञांच्या मानकावरून ठरणारी, लोकांना स्वतःला जाणवणारी, अर्ज करून किंवा रांगेत उभे राहून व्यक्त झालेली, आणि तशाच परिस्थितीतल्या इतरांना मिळते पण यांना मिळत नाही या तुलनेतून दिसणारी. हे चारही प्रकार एकाच उत्तराकडे बोट दाखवत असतील, तर काम सोपे असते. ते एकमेकांशी जुळत नाहीत, तेथेच पाहणाऱ्याने जास्त वेळ द्यायला हवा. ज्या सेवेसाठी एकही अर्ज आलेला नाही, तेथे गरज नाही असेही असू शकते, किंवा अर्ज करून काही उपयोग होत नाही हे लोकांना अनुभवाने कळलेले असू शकते. हे कोणते, हे विचारल्याशिवाय समजत नाही. लोक गरजच बोलून दाखवत नाहीत, अशा प्रसंगाविषयी प्रश्न १३ पाहा.

३. वस्तीत नळ आहे, दवाखाना आहे, शाळा आहे. मग गरज भागली असे का म्हणू नये?

आमच्याकडे सर्वाधिक वेळा येणारा प्रश्न हाच आहे, म्हणून त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो. सुविधा वस्तीच्या नकाशावर दिसते, पण गरज भागते ती एखाद्या माणसाच्या एखाद्या दिवसात, आणि या दोहोंमध्ये बरेच अंतर असू शकते.

पाण्याचेच घ्या. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचा संयुक्त देखरेख कार्यक्रम पाण्याच्या सोयीची नोंद पायऱ्यांनी करतो. स्रोत सुधारित, म्हणजे रचनेनेच बाहेरच्या घाणीपासून बचावलेला आहे, पण जाऊन, रांगेत थांबून, पाणी घेऊन परत यायला ३० मिनिटांहून अधिक वेळ लागतो, तर ती सोय ‘मर्यादित’ ठरते. ३० मिनिटांच्या आत काम होत असेल, तर ‘मूलभूत’. पाणी घराच्या आवारात, हवे तेव्हा आणि विष्ठेतील जंतू व घातक रसायने यांपासून मुक्त असे मिळत असेल, तरच ती ‘सुरक्षितरीत्या व्यवस्थापित’ म्हणून नोंदली जाते. तिन्ही ठिकाणी ‘नळ आहे’ हे वाक्य खरेच असते.

म्हणून आमची सूचना अशी की पाणी येण्याच्या अर्धा तास आधी नळापाशी जाऊन बसावे आणि घड्याळ लावून लिहावे. पहिले भांडे केव्हा लागले, धार कधी सुरू झाली, दहा लिटरचे भांडे भरायला किती सेकंद लागले? समजा ८० सेकंद लागले. म्हणजे तोटीतून मिनिटाला साडेसात लिटर पाणी येते. पाणी दोन तास टिकले, तर त्या तोटीने ९०० लिटर दिले. तिच्यावर १५० माणसे अवलंबून असतील, तर माणशी सहा लिटर झाले. तेही सारखे वाटले गेले तर. प्रत्यक्षात रांगेतील शेवटची तीन-चार भांडी रिकामी परत जातात, आणि ती कोणाची होती हे त्या दिवशीच्या नोंदीतले सर्वांत मोलाचे वाक्य असते.

इतर सुविधांकडेही असेच जवळून पाहावे. शौचालयाच्या दाराला आतून कडी लागते का, रात्री तेथे उजेड असतो का, आत पाणी आहे का, आणि तिकडे जाणारी पायवाट रोजच्या वापराने मळलेली दिसते की तिच्यावर गवत वाढले आहे? दवाखान्याच्या पाटीवर लिहिलेल्या वेळा आणि तो खरोखर उघडा असण्याच्या वेळा जुळतात का, मागच्या महिन्यात कोणती औषधे संपली होती, तिथवर जायला किती खर्च येतो आणि त्या दिवसाची मजुरी बुडते का? शाळेच्या पटावर किती नावे आहेत, आज वर्गात किती मुले बसली आहेत, आणि त्यांपैकी किती जणांना साधा परिच्छेद वाचता येतो? सेवा असणे, तिथवर पोहोचता येणे, ती परवडणे, तिचा दर्जा आणि तिचे सातत्य या पाचही गोष्टी तपासल्याशिवाय ‘भागली’ हा शेरा लिहू नये.

४. कुटुंबाचे उत्पन्न विचारले की गरजांचा अंदाज येत नाही का?

अंदाज येतो, पण त्यावर विसंबता येत नाही. इंग्लंडमधील यॉर्क शहरात सीबोम राउनट्री यांनी १८९९ मध्ये घरोघर पाहणी करून घेतली. तिचे निष्कर्ष १९०१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार शहरातील सुमारे २८ टक्के लोक दारिद्र्यात होते. मात्र किमान गरजांनाही उत्पन्न पुरत नाही असे लोक शहराच्या लोकसंख्येत सुमारे १० टक्केच होते. उरलेल्या सुमारे १८ टक्क्यांचे उत्पन्न हिशेबाप्रमाणे पुरायला हवे होते, तरी पाहणी करणाऱ्यांना त्यांच्या घरी हलाखी दिसत होती. उत्पन्नाचा आकडा आणि प्रत्यक्ष जगणे यांतली ही तफावत आजही प्रत्येक पाहणीत दिसते. आजारपण, कर्ज, घरातील अवलंबितांची संख्या आणि मोफत मिळणारी किंवा न मिळणारी सेवा यांवर तेच उत्पन्न किती पुरते हे ठरते. उत्पन्न विचारावे, पण त्याला गरजांच्या उत्तराची जागा देऊ नये.

५. सरकारी आकडेवारी उपलब्ध असताना नवी पाहणी कशाला?

आधी उपलब्ध आकडे पूर्ण वाचावेत आणि जे त्यांत आहे ते पुन्हा विचारून लोकांचा वेळ घेऊ नये. मात्र असे आकडे बहुधा वस्तीहून मोठ्या विभागाचे असतात, काही वर्षे जुने असतात आणि सेवा घेतलेल्यांचीच नोंद दाखवतात. जो दवाखान्यात आलाच नाही, तो दवाखान्याच्या नोंदवहीत सापडत नाही. नवी पाहणी या रिकाम्या जागांपुरती असावी.

६. किती घरांना भेट द्यावी लागेल?

एखाद्या प्रमाणाचा अंदाज ९५ टक्के विश्वासपातळीने (म्हणजे अशा शंभर पाहण्यांपैकी सुमारे ९५ मध्ये तो बरोबर ठरेल असा) आणि १० टक्के इकडे किंवा तिकडे इतक्या अचूकतेने हवा असेल, तर मोठ्या वस्तीत यादृच्छिकपणे निवडलेली सुमारे ९६ घरे पुरतात. अचूकता ५ टक्क्यांवर आणायची असेल, तर ३८४ लागतात. वस्ती लहान असेल तर संख्या कमी होते. २०० घरांच्या वस्तीत १० टक्के अचूकतेसाठी सुमारे ६५ घरे पुरतात. शंभराच्या आत घरे असतील, तर सरळ सगळ्याच घरांना भेट द्यावी; वाचणारे श्रम फार नसतात आणि कोणाला वगळल्याची तक्रार राहत नाही.

समूहांनी घरे निवडली, म्हणजे काही गल्ल्या निवडून तेथील लागोपाठची घरे घेतली, तर हिशेब बदलतो, कारण शेजारची घरे एकमेकांसारखी असतात आणि प्रत्येक नव्या घरातून नवी माहिती कमी मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या लसीकरण पाहणीत ३० समूह आणि प्रत्येकी ७ मुले, म्हणजे २१० मुले घेत असत, ती यामुळेच: समूहांनी निवड केल्यावर वरच्या ९६ च्या साधारण दुप्पट संख्या लागते असे धरले जाई. तसेच वस्तीतील दोन भागांची तुलना करायची असेल, तर वर सांगितलेली संख्या प्रत्येक भागासाठी वेगळी लागते. ही गोष्ट बरेचदा आकडे हाती आल्यावर लक्षात येते.

७. घरे निवडताना कोण सुटून जाते?

जे सर्वाधिक वंचित असतात, बहुधा तेच. वस्तीच्या मध्यभागी उभे राहून एखादी दिशा निवडायची आणि चालत सुटायचे, या जुन्या रीतीत मध्याजवळची घरे जास्त निवडली जातात आणि कडेची राहून जातात. त्यापेक्षा वस्तीचा हाताने नकाशा काढावा, तिचे साधारण सारखे भाग पाडून त्यांना क्रमांक द्यावेत आणि चिठ्ठ्या टाकून निवड करावी. नकाशा काढताना पाच-सहा वेगवेगळ्या लोकांना, त्यांत मुलांनाही, ‘आणखी कोणी कुठे राहते का?’ असे विचारावे. मतदारयादी किंवा कररोल हा नमुन्याचा एकमेव आधार असेल, तर भाडेकरू, हंगामी कामगार, मालकाच्याच जागेत राहणारे कामगार आणि बेघर माणसे त्यात नसतात. त्यांच्यासाठी वेगळी फेरी करावी, आणि बेघरांसाठी ती रात्री करावी. बंद दाराचे घर वगळून शेजारच्या घरी जाऊ नये. वेगळ्या वेळी पुन्हा यावे. दिवसभर कुलूप असणे हीच त्या घराच्या कष्टांविषयीची माहिती असते.

८. कुटुंबप्रमुखाला विचारले तर पुरे नाही का?

पुरे नाही. घर हे एकसंध माप नाही, कारण एकाच छताखाली एकाची गरज भागते आणि दुसऱ्याची भागत नाही. पाणी कोण आणते, शेवटी कोण जेवते, आजारी पडल्यावर कोणाला लगेच दवाखान्यात नेतात आणि कोणाचे दुखणे उद्यावर ढकलले जाते, हे प्रश्न ते काम करणाऱ्या किंवा ते सोसणाऱ्या व्यक्तीलाच विचारावे लागतात. शक्य असेल तेथे घरातील एका प्रौढ स्त्रीशी आणि एका वृद्ध व्यक्तीशी स्वतंत्रपणे बोलावे. प्रमुखाने पाणी आणायला ‘दहा मिनिटे’ लागतात असे सांगावे आणि पाणी आणणारीने पाऊण तास सांगावा, अशी तफावत मिळाली, तर सरासरी काढू नये. दुसरे उत्तर घ्यावे आणि पहिले नोंदवून ठेवावे.

९. अन्न पुरेसे मिळते का, हे कसे ओळखावे?

बाजारात किंवा कोठारात अन्न आहे म्हणजे ते पोटात गेले असे होत नाही. दुष्काळांचा अभ्यास करून अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये हेच दाखवले, की अन्नाचा एकूण साठा फारसा घटलेला नसतानाही ते मिळवण्याची ऐपत किंवा हक्क गमावल्यामुळे माणसे उपासमारीने मरू शकतात.

अन्न व कृषी संघटनेची आठ प्रश्नांची अन्न-असुरक्षितता प्रश्नावली सोपी आणि तपासलेली आहे. अन्न संपण्याच्या काळजीपासून ती सुरू होते आणि दिवसभर काहीच न खाल्ल्याच्या अनुभवापर्यंत जाते. तिच्या जोडीला सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांच्या दंडाचा घेर मोजावा. डाव्या हाताचा खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर खूण करायची, हात सैल सोडायला सांगायचा, आणि पट्टी त्वचेला टेकेल पण रुतणार नाही अशी लावायची. ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी घेर हा तीव्र कुपोषणाचा आणि ११.५ ते १२.५ च्या दरम्यानचा घेर मध्यम कुपोषणाचा इशारा आहे. असे मूल आढळले, तर त्याच दिवशी त्याला उपचारापर्यंत पोहोचवण्याची सोय करावी. ती सोय आधी केलेली नसेल, तर मोजायला सुरुवात करू नये.

१०. अपंग व्यक्तींची नोंद आमच्याकडे नेहमी फारच कमी येते. असे का?

‘घरात कोणी अपंग आहे का?’ या प्रश्नाला लोक संकोचाने किंवा वृद्धपणातील अडचणींना अपंगत्व न मानल्याने ‘नाही’ म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २००१ मध्ये स्थापन केलेल्या वॉशिंग्टन गटाचे सहा प्रश्न यासाठीच आहेत. दिसणे, ऐकू येणे, चालणे किंवा पायऱ्या चढणे, लक्षात ठेवणे किंवा एकाग्र होणे, स्वतःची देखभाल करणे आणि संवाद साधणे यांत अडचण येते का, एवढेच ते विचारतात. ‘अजिबात नाही’, ‘थोडी’, ‘खूप’ आणि ‘जमतच नाही’ हे चार पर्याय असतात. कोणत्याही एका बाबतीत ‘खूप’ किंवा ‘जमतच नाही’ असे उत्तर आले, तर त्या व्यक्तीची नोंद करावी. त्यानंतर त्याच व्यक्तीसाठी प्रश्न ३ मधील तपासणी पुन्हा करावी, कारण घरासाठी ‘जवळ’ असलेला नळ तिच्यासाठी जवळ असेलच असे नाही.

११. पाहणी वर्षातून कधी करावी?

एकदाच करणे शक्य असेल, तर वर्षातील सर्वांत कठीण काळात, म्हणजे पाणी आटते, काम मिळत नाही किंवा साठवलेले अन्न संपते तेव्हा करावी. दोन वर्षांची तुलना करायची असेल, तर महिना तोच ठेवावा.

१२. सगळे आकडे मिळवून वस्तीला एकच गुण देता येईल का?

देता येईल, पण घाई करू नये. १०० घरांच्या वस्तीत ३० घरांना पुरेसे पाणी नाही, ३० घरांना शौचालय नाही आणि ३० घरांत मुले कुपोषित आहेत, असे समजा. ही तीच ३० घरे आहेत की वेगवेगळी ९०? सरासरीतून हे कळत नाही, आणि करायचे काम तर पूर्णपणे यावरच अवलंबून असते.

एकच गुण हवाच असेल, तर सबीना अल्कायर आणि जेम्स फॉस्टर यांची मोजणीची पद्धत वापरावी. २०१० पासून जागतिक बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक तिच्यावरच काढला जातो. त्यात आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान या तीन आयामांतले दहा निर्देशक असतात. आधी एकाच कुटुंबाच्या सगळ्या वंचनांची भारित बेरीज, म्हणजे प्रत्येक वंचनेला ठरलेले वजन देऊन केलेली बेरीज होते, आणि ती एक तृतीयांश किंवा त्याहून अधिक भरली, तरच ते कुटुंब बहुआयामी दारिद्र्यात धरले जाते. गुणासोबत त्याचे घटक नेहमी छापावेत. पाण्यातली उणीव शिक्षणातल्या चांगल्या आकड्याने भरून निघाल्यासारखी दिसू नये. तहान आणि अक्षरओळख यांची अशी वजाबाकी होत नाही.

१३. आकडे वाईट आहेत, पण लोक ‘आमचे बरे चालले आहे’ म्हणतात. कोणाचे खरे मानायचे?

दोन्ही नोंदवावे. दीर्घकाळ वंचित राहिलेली माणसे आपल्या अपेक्षा परिस्थितीच्या मापाने लहान करून घेतात, हे अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी वारंवार मांडले आहे. जेथे शिक्षण आणि आरोग्यसेवा चांगल्या आहेत तेथील लोक स्वतःचे आजार अधिक नोंदवतात, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. म्हणून ‘समाधानी आहात का?’ या प्रश्नाच्या उत्तरावरून गरज भागल्याचा निष्कर्ष काढू नये. मात्र लोकांचे म्हणणे अज्ञान म्हणून बाजूला सारणेही तितकेच चुकीचे आहे. काही वेळा बाहेरून उणी दिसणारी व्यवस्था त्यांनी परस्परांच्या आधाराने चालती ठेवलेली असते, आणि ती मोडणारी मदत नुकसान करते. मत विचारण्याऐवजी घडलेले विचारावे: काल किती वेळा जेवलात, मागच्या वेळी ताप आला तेव्हा काय केले.

१४. वस्तीचा बालमृत्युदर काढावा का?

लहान वस्तीत काढू नये. हजार लोकवस्तीत वर्षाला समजा २५ बालके जन्मली आणि त्यांतले एक दगावले, तर दर हजारी ४० होतो. एकही दगावले नाही, तर शून्य. या चढउताराला अर्थ नाही. मातामृत्यूचे प्रमाण तर एक लाख जिवंत जन्मांमागे मोजतात, ते येथे लागूच होत नाही. त्याऐवजी लसीकरण, दंडाचा घेर (प्रश्न ९) आणि उपचारापर्यंत पोहोचण्याचा वेळ पाहावा.

मृत्यू झालाच असेल, तर त्याची टक्केवारी काढण्यापेक्षा त्याची हकिगत समजून घ्यावी. मातामृत्यूंसाठी सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ मध्ये मांडलेली तीन विलंबांची चौकट येथे उपयोगी पडते: उपचार घ्यायचे ठरवायला झालेला उशीर, तिथवर पोहोचायला झालेला उशीर, आणि पोहोचल्यावर उपचार मिळायला झालेला उशीर.

१५. आपत्तीनंतरच्या छावणीलाही हीच मापे लावायची का?

तेथे स्फिअरची, म्हणजे आपत्तीत मदत करणाऱ्या संस्थांनी मिळून ठरवलेली किमान मानके आधार म्हणून वापरतात: दिवसाला माणशी किमान १५ लिटर पाणी, एका तोटीमागे जास्तीत जास्त २५० माणसे, पाण्याचे ठिकाण ५०० मीटरच्या आत, रांगेतला वेळ ३० मिनिटांपेक्षा कमी, २० माणसांमागे एक शौचालय (अगदी सुरुवातीच्या दिवसांत ५० मागे एक) आणि राहण्यासाठी माणशी किमान ३.५ चौरस मीटर जागा. प्रश्न ३ मधील हिशेब येथे करून पाहावा: मिनिटाला साडेसात लिटर देणाऱ्या तोटीला २५० माणसांना १५ लिटर पुरवायला ५०० मिनिटे, म्हणजे सव्वाआठ तासांहून अधिक काळ चालावे लागते. हे आकडे जीव आणि प्रतिष्ठा राखण्याचा तळ आहेत. छावणी वर्षानुवर्षे टिकली, तर त्याच आकड्यांवर समाधान मानणे म्हणजे आणीबाणीलाच कायमचे जगणे ठरवणे होय. अशा ठिकाणी नेहमीच्या वस्तीची मापे लावावीत.

१६. मदत मिळेल या आशेने लोक वाढवून सांगतात. त्याचे काय करावे?

पाहणीच्या आधारे घराघराला मदत वाटली जाणार नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगावे, आणि ते खरे असावे. प्रश्न ठरावीक काळाचे आणि ठरावीक कृतीचे ठेवावेत, आणि जे डोळ्यांना दिसते ते पाहून लिहावे. लाजेमुळे कमी सांगितलेली अडचण आम्हाला वाढवून सांगितलेल्या अडचणीपेक्षा जास्त काळजीची वाटते, कारण ती तपासायला कोणी जात नाही.

१७. घरातील हिंसा किंवा असुरक्षितता यांविषयी विचारावे का?

सुरक्षितता ही मूलभूत गरजच आहे, पण प्रशिक्षित विचारणारी व्यक्ती, पूर्ण एकांत आणि लगेच मदत देऊ शकेल अशी सेवा या तीन गोष्टी हाताशी नसतील, तर घरोघर विचारू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांनुसार असे प्रश्न एका घरातील एकाच स्त्रीला विचारायचे असतात, म्हणजे मुलाखत कशाबद्दल होती हे घरातील इतरांना कळत नाही. पर्याय म्हणून नकाशावर ‘अंधार पडल्यावर कोणत्या वाटेने जाणे टाळता?’ हा प्रश्न गटाला विचारता येतो. त्यात कोणाला स्वतःची हकिगत सांगावी लागत नाही.

१८. निष्कर्ष प्रसिद्ध करताना कोणती काळजी घ्यावी?

अहवाल बाहेर जाण्याआधी वस्तीत वाचून दाखवावा, नकाशा भिंतीवर लावावा आणि चुका दाखवायला आठवडाभर वेळ द्यावा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी हे तोंडी करावे. ४० घरांच्या वस्तीत नाव न लिहिताही माणूस ओळखू येतो. ‘तीन लहान मुले असलेली, दृष्टिहीन, एकटी राहणारी स्त्री’ एवढे लिहिले की पुरते. म्हणून पाचपेक्षा कमी घरे किंवा व्यक्ती ज्या रकान्यात येतात, तो रकाना दुसऱ्यात मिळवावा किंवा छापू नये. अशा व्यक्तीची गरज तातडीची असेल, तर तिची संमती घेऊन ती संबंधित सेवेला वेगळी कळवावी. वाचनानंतर एखाद्या निष्कर्षावर वस्तीतील लोकांचे आणि पाहणी करणाऱ्यांचे एकमत झाले नाही, तर दोन्ही म्हणणी कारणांसह शेजारी शेजारी छापावीत, आणि पुढच्या फेरीत त्या मुद्द्याची पाहणी सर्वांत आधी करावी.